चेंडू हवेत असतानाच हला: बास्केटबॉलच्या नव्या टीमसाठी डिफेन्स, रिबाउंड आणि झटपट निर्णयांचा सराव

संध्याकाळी पुण्यातल्या कुठल्याही कोर्टवर जा, डेक्कन जिमखान्यावर, कॉलेजच्या मैदानात नाहीतर सोसायटीतल्या एकुलत्या एका रिंगखाली. नव्याने खेळायला लागलेली मुलं एकच गोष्ट करताना दिसतात: शूटिंग. त्यात गैर काही नाही. पण अशा पाच चांगल्या शूटर्सची टीम पहिल्या आंतरमहाविद्यालयीन मॅचला उभी राहते आणि समोरची, शूटिंगमध्ये जेमतेम असलेली टीम त्यांना वीस पॉइंटनी हरवून जाते. कारण सोपं असतं. पास किंवा शॉट हवेत असताना समोरचे पाचही जण हललेले असतात आणि आपले पाच जण चेंडूकडे बघत उभे असतात.

चेंडू हातातून सुटून दुसऱ्या हातात किंवा रिंगवर पोचेपर्यंत एक-दीड सेकंद जातो, पासला तर त्याहून कमी. टीम डिफेन्स, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) आणि निर्णय या तिन्हींचा फैसला त्या वेळात होतो. म्हणून खालचा सगळा सराव एकाच सवयीसाठी आहे. वरकरणी ड्रिल वेगवेगळी दिसतील, त्यांचं काम एकच.

लागणारं सामान थोडकं आहे: अर्धं कोर्ट, दोन-तीन चेंडू, दोन रंगांचे बिब्स (टीम ओळखायला अंगावर चढवायच्या बंड्या) आणि आठ खेळाडू. मुलांसाठी ७ नंबरचा चेंडू, मुलींसाठी ६ नंबरचा. सिमेंटच्या कोर्टवर रबरी चेंडूच घ्या, चामड्याचा महिनाभरात सोलून निघतो. आणि शिट्टी. ती कमी वाजवली तरच तिला किंमत राहते.

पहिली पायरी: उभं राहायचं कसं

पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त रुंद, गुडघे वाकलेले, कंबर खाली, छाती वर. नवीन मुलं कमरेतून वाकतात आणि त्यांना वाटतं आपण खाली बसलो. पाठीचा बाक बघा, लगेच कळतं. डोकं पायांच्या पुढे गेलं की तोल गेलाच म्हणून समजा.

सरकताना ज्या दिशेला जायचं आहे त्याच्या उलट्या पायाने जमीन ढकलायची. उजवीकडे जायचं तर डावा पाय ढकलतो. पाय एकमेकांना चिकटवायचे नाहीत आणि एकमेकांवरून टाकायचेही नाहीत. साइडलाइनपासून तिरकं, नागमोडी जात अर्धं कोर्ट पार करायचं: एक जण हळू ड्रिबल करतो, दुसरा त्याच्यासमोर सरकतो. डिफेंडरचे हात सुरुवातीला पाठीमागे बांधा. हात नसले की पाय चालवावेच लागतात. ड्रिबल करणारा पुढे निघून गेलाच, तर सरकत बसायचं नाही. वळायचं, पळायचं, पुढे जाऊन परत समोर उभं राहायचं. ही शेवटची गोष्ट फारसं कोणी शिकवत नाही आणि मॅचमध्ये तीच सगळ्यात जास्त लागते.

दहा मिनिटं पुरे. मांड्या भरून आल्या की थांबा. दमलेल्या पायांनी चुकीच्याच सवयी लागतात.

दुसरी पायरी: क्लोजआउट, म्हणजे शूटरवर धावून जाणं

तुमचा माणूस थ्री पॉइंट लाइनवर, तुम्ही रिंगखाली, आणि चेंडू त्याच्याकडे निघालाय. ती लाइन रिंगपासून ६.७५ मीटरवर आहे, म्हणजे अंतर बरंच आहे. पास हवेत असतानाच पळायला लागायचं. पहिली दोन तृतीयांश धाव लांब ढांगांनी, उरलेली बारीक, टपटप पावलांनी. वजन मागे, एक हात वर, शूटिंगच्या हाताच्या समोर. हाताच्या अंतरावर थांबायचं.

जोड्या करा. डिफेंडर रिंगखालून स्वतःच पास देतो आणि त्या पासच्या मागे पळतो. तिथून एकास एक, पण हल्ला करणाऱ्याला दोनच ड्रिबल. नवीन डिफेंडर पहिल्या आठवड्यात धडाधड पळत जाऊन उडी मारतो आणि समोरचा शॉटची हूल देऊन शांतपणे बाजूने निघून जातो. त्याला ओरडू नका. चार वेळा असं झालं की तो आपणहून पावलं आखडायला लागतो. चेंडू शूटरच्या हातातून सुटेपर्यंत आपले पाय जमिनीवर, एवढा एकच नियम सांगा.

तिसरी पायरी: शेल ड्रिल. इथे घाई नको

सगळ्या सरावातून एकच ड्रिल ठेवायचं म्हटलं तर मी हे ठेवीन. जगभर शाळेच्या टीमपासून व्यावसायिक टीमपर्यंत सगळे हे करतात. चार हल्ला करणारे: दोन वर, फ्री थ्रो लाइनच्या बाहेर डावी-उजवीकडे; दोन खाली, दोन्ही बाजूंच्या विंगवर (कोर्टच्या कडेच्या बाजूला). त्यांच्यावर चार डिफेंडर.

कबड्डी बघणाऱ्या मुलांना हे पटकन समजतं. रेडर डाव्या कोपऱ्याकडे वळला म्हणून उजवा कोपरा कमरेवर हात ठेवून उभा राहत नाही, अख्खी साखळी सरकते. इथेही तसंच. चेंडू कुठे आहे त्यावर तुमची जागा ठरते, तुमचा माणूस कुठे आहे त्यावर फक्त अर्धी.

जागा तीनच आहेत. चेंडूवर असाल तर हाताच्या अंतरावर, चेंडूवर दबाव. चेंडूपासून एका पासवर असाल, म्हणजे तुमच्या माणसाला थेट पास मिळू शकत असेल, तर पासच्या वाटेत एक हात आणि एक पाय. दोन पासवर असाल तर थेट आत, 'की' मध्ये (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनात), दोन्ही रिंगना जोडणारी एक रेषा मनात ओढा आणि तिच्यावर एक पाय ठेवा. आत उभं राहिल्याने तीन सेकंदांचा नियम (की मध्ये त्याहून जास्त वेळ थांबायचं नाही) मोडेल, अशी भीती टीव्हीवर एनबीए ही अमेरिकन लीग बघणाऱ्या मुलांना असते. तो डिफेन्सचा नियम एनबीएचा आहे. आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी होतात आणि त्यात तीन सेकंदांचं बंधन फक्त हल्ला करणाऱ्या टीमला आहे. डिफेंडर की मध्ये हवा तितका वेळ थांबू शकतो.

आता चार टप्प्यांत करा.

पहिल्यांदा फक्त पास. प्रत्येक पासनंतर हल्ला करणारा चेंडू दोन सेकंद धरून ठेवतो. तेवढ्यात तुम्ही चौघांच्या जागा बघायच्या. पास देणाऱ्याच्या हातातून चेंडू सुटताना चारही डिफेंडर हलले पाहिजेत. चेंडू पोचल्यावर हलला तो उशिरा आला. हा टप्पा कंटाळवाणा आहे, मुलं कुरकुर करतात. करू द्या.

मग दोन सेकंद काढून टाका आणि पास पटापट द्या.

तिसऱ्या टप्प्यात ड्राइव्ह येतो. समजा उजव्या विंगवरून चेंडूवाला बेसलाइनने (रिंगमागच्या सीमारेषेच्या कडेने) आत घुसला. त्याला अडवायला कोण येणार? डाव्या विंगचा डिफेंडर, जो दोन पासवर असल्याने आधीच आत उभा आहे. तो रिंगखाली नाही, की च्या कडेलाच त्याला भेटतो. रिंगखाली भेटलात तर लेअप (रिंगजवळून सहज टाकलेला शॉट) तरी होतो नाहीतर फाउल. मग मोकळ्या सुटलेल्या डाव्या विंगवर कोण? डावीकडे वर उभा असलेला डिफेंडर खाली उतरतो. आणि वरच्या दोघांवर? उजवीकडचा वरचा डिफेंडर मधोमध येऊन दोघांनाही थोडं थोडं सांभाळतो. हे आधी चालत करा. अक्षरशः चालत, चेंडू हातात धरून. पाचसहा वेळा दोन्ही बाजूंनी चाललात की मग पळा.

चौथा टप्पा म्हणजे खरा खेळ, चारास चार. डिफेन्सने सलग तीन वेळा बास्केट वाचवली, रिबाउंडसकट, तरच त्यांची सुटका. दोनदा वाचवून तिसऱ्यांदा बास्केट खाल्ली की मोजणी पुन्हा शून्यापासून. इथे मुलांचे खरे चेहरे बघायला मिळतात.

या ड्रिलमध्ये एक चूक इतक्या वेळा होते की ती नीट बघून घ्या. चेंडू उजवीकडे आहे. डावीकडची डिफेंडर अगदी बरोबर जागी, एक पाय मधल्या रेषेवर. पण तिची मान पूर्ण चेंडूकडे वळलेली आहे. तिची माणूस हे बघते, दोन पावलं हळूच वर येते आणि एकदम तिच्या पाठीमागून रिंगकडे सुटते. पास, लेअप. डिफेंडरला काय झालं हेच कळलेलं नसतं, ती म्हणते, "मी तर माझ्याच जागेवर होते!" जागेवर होती हे खरं. उपाय हातांचा आहे: दोन्ही हात पसरून एक बोट चेंडूकडे, दुसरं आपल्या माणसाकडे. नजर दोन्ही बोटांच्या मधल्या मोकळ्या जागेत, म्हणजे डोळ्यांच्या कडेतून दोघंही दिसतात. एक बोट दाखवता येत नसेल तर तुम्ही नको तिथे उभे आहात. दोन आठवडे प्रत्येक शेल ड्रिलमध्ये बोटं दाखवायला लावा, नंतर ती आपोआप गळून पडतील.

आणि बोलणं. आपल्याकडच्या मुलांना कोर्टवर ओरडायची लाज वाटते, विशेषतः बाजूला ओळखीचं कोणी बसलेलं असलं की. शब्द चारच ठेवा: चेंडूवर असणाऱ्याने "बॉल!", एका पासवर असणाऱ्याने "डिनाय!", आत असणाऱ्याने "हेल्प, हेल्प!" आणि शॉट सुटला की सगळ्यांनी मिळून "शॉट!" एखादा गप्प राहिला तर त्या वेळची वाचवलेली बास्केट धरायची नाही. शिक्षा म्हणून कोर्टला फेऱ्या मारायला लावण्यापेक्षा हे कितीतरी लवकर लागू पडतं.

चौथी पायरी: रिबाउंड

इथे उंचीचा बाऊ करतात. डेनिस रॉडमन ६ फूट ७ इंचांचा, म्हणजे एनबीएच्या मानाने रिंगखालच्या खेळाडूंत लहानखुराच. तरी १९९१-९२ पासून १९९७-९८ पर्यंत सलग सात हंगाम सरासरी रिबाउंडमध्ये तो पहिला होता. वॉर्म-अपमध्ये स्वतः शूटिंग सोडून दुसऱ्यांचे चुकलेले शॉट कुठे उडतात ते बघत बसायचा, अशी त्याची ख्याती.

तेच आपण करू. सरावाच्या सुरुवातीला मोकळं शूटिंग चालू असताना अर्ध्या मुलांना नुसतं बघायला लावा आणि शॉट हवेत असताना हाताने दाखवायला सांगा: चेंडू कुठल्या बाजूला पडेल? थोड्या दिवसांत त्यांचं त्यांनाच कळतं की कोपऱ्यातून किंवा विंगवरून चुकलेला शॉट बहुधा पलीकडच्या बाजूला जातो, आणि लांबून मारलेला शॉट लांब उडतो. तुमच्या कोर्टची रिंग सैल असेल तर तिचं वागणं वेगळं, तेही कळतं. रिंग सगळीकडे ३.०५ मीटरवरच असायला हवी, पण सोसायटीतल्या बऱ्याच रिंगांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. एकदा टेप लावून बघा.

बॉक्सआउटचं, म्हणजे आपल्या माणसाला पाठीने चेंडूपासून अडवण्याचं, तंत्र असं. शॉट सुटला, "शॉट!" ओरडलात. आता चेंडूकडे बघायचं नाही, आपला माणूस शोधायचा. त्याच्याकडे एक पाऊल टाकून आडवा हात त्याच्या छातीला टेकवायचा. ढकलायचा नाही, फक्त कुठे आहे ते कळण्यापुरता. मग त्याच पायावर पिव्होट (गिरकी) घेऊन पाठ त्याच्याकडे, कंबर खाली, पाय रुंद, कोपर खांद्यांच्या रेषेत वाकवून हात वर. पाठीला तो लागतोय तोवर तो कुठे चाललाय हे बघायची गरज नाही. मग चेंडूकडे. घेताना दोन्ही हातांनी, उतरताना दोन्ही पायांवर, आणि चेंडू लगेच हनुवटीखाली. उंच मुलं चेंडू खाली कमरेशी आणतात आणि सगळ्यात बुटका गार्ड येऊन काढून नेतो. कोपरं बाहेर काढून ठेवलेली चालतात, गरगर फिरवली की शिट्टी वाजणार.

पहिलं ड्रिल रिंगशिवायचं आहे. मधलं वर्तुळ घ्या (त्याची त्रिज्या १.८० मीटर असते), मधोमध चेंडू ठेवा. वर्तुळाच्या रेषेवर तीन जोड्या, डिफेंडरची पाठ चेंडूकडे. शिट्टी वाजली की बाहेरच्यांनी चेंडूला हात लावायचा, आतल्यांनी पिव्होट घेऊन त्यांना चार सेकंद रोखायचं. चार सेकंद किती मोठे असतात ते इथे समजतं. पावसाळ्यात सिमेंटवर शेवाळ धरलेलं असतं आणि कोर्टवर पाय ठेवणं म्हणजे घोटा मुरगळून घेणं, तेव्हा हे ड्रिल सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतं. गाड्या आधी हलवा.

दुसरं, तीनास तीन. तुम्ही मुद्दाम चुकीचा शॉट मारता. डिफेन्सने रिबाउंड घेतला तर एक पॉइंट. घेऊन साइडलाइनजवळच्या साथीदाराला नीट पास दिला तर दोन. हल्ला करणाऱ्यांनी घेतला तर तिथूनच खेळ चालू, बास्केट झाली तर त्यांना तीन. तीन का द्यायचे, हे मुलांना समजावून सांगा. फिबाच्या नियमांत हल्ला करणाऱ्या टीमने, चेंडू रिंगला लागून उडाल्यावर, स्वतःचाच रिबाउंड घेतला तर शॉट क्लॉकवर (शॉट मारायच्या वेळेच्या घड्याळावर) त्यांना पुन्हा १४ सेकंद मिळतात. म्हणजे तुमचा २४ सेकंदांचा उत्तम डिफेन्स पाण्यात, आणि आता दमलेल्या पायांनी परत तेवढंच करायचं.

फ्री थ्रोवर मुलं ढिली पडतात, म्हणून एकदा उभं करून दाखवा. रिंगच्या सगळ्यात जवळच्या दोन्ही जागा डिफेन्सच्या. कडेला जास्तीत जास्त पाच जण: तीन डिफेन्सचे, दोन हल्ल्याचे. तिसऱ्या डिफेंडरचं काम शूटरला अडवणं, आणि शूटर स्वतःच्या चुकलेल्या फ्री थ्रोमागे फुकटात आत येतो तो याच माणसाच्या कृपेने.

पाचवी पायरी: निर्णय

"पटकन विचार कर" असं ओरडून कोणी पटकन विचार करत नाही. काय बघायचं ते माहीत असेल तर विचाराला वेळ लागत नाही. पास माझ्याकडे येतोय, हवेत आहे. माझा डिफेंडर कुठे आहे? लांब आहे, तर शॉट. अंगावर धावत येतोय, तर त्याच्या बाजूने ड्राइव्ह. ड्राइव्ह केल्यावर दुसरा अडवायला आला, तर त्याने ज्याला सोडलं त्याला पास. चेंडू हातात धरून उभं राहणं हा पर्याय यात नाही.

सुरुवात ड्रिबल नसलेल्या खेळाने करा. तीनास तीन, अर्धं कोर्ट, ड्रिबल बंद. पास दिलात की रिंगकडे कट मारायचा किंवा जागा बदलायची. जागच्या जागी राहिला की चेंडू समोरच्यांना. पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ होतो. मग मुलं मान वर करून बघायला लागतात, कारण दुसरा इलाजच नसतो.

पुढे, तीनास दोन आणि परतीला दोनास एक. तीन जण दोघांवर हल्ला करतात. ज्याने शॉट मारला किंवा चेंडू घालवला, तो आता दुसऱ्या बाजूला एकटा डिफेंडर. आधीचे दोन डिफेंडर त्याच्यावर हल्ला करतात. याला पूर्ण कोर्ट लागतं, ते मोकळं मिळेल त्या दिवशी करा. मधल्याला एक गोष्ट सांगून ठेवा: फ्री थ्रो लाइनवर थांब. तो रिंगपर्यंत घुसला की तिघांची दाटी होते आणि दोन डिफेंडर तिघांना पुरतात.

अर्ध्या कोर्टसाठी माझं आवडतं ड्रिल वेगळं आहे. तीनास तीन, पण सुरुवात असमान. चेंडूवाला थ्री पॉइंट लाइनवर, त्याचा डिफेंडर त्याच्या एक पाऊल मागे, हात त्याच्या पाठीला टेकवून. चेंडूवाला निघाला की खेळ सुरू. डिफेंडर हरलेलाच आहे, त्यामुळे बाकी दोघांना हेल्पला यावंच लागतं, आणि हल्ला करणाऱ्याला पहिल्या दोन पावलांतच ठरवावं लागतं. एकाच ड्रिलमध्ये शेल, क्लोजआउट, बॉक्सआउट, पास सगळं येतं. पहिल्या बास्केटला किंवा डिफेन्सच्या रिबाउंडला थांबवा, नाहीतर ते पुढे नुसती दमछाक होतं.

चुकीच्या पासनंतर "का दिलास?" विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "सॉरी सर" असतं. "काय दिसलं?" विचारा. "कोपऱ्यात ती मोकळी दिसली" असं उत्तर आलं तर निर्णय बरोबर होता, पास कच्चा होता, आणि ते दोन वेगळे आजार आहेत.

एका संध्याकाळचं गणित

सव्वा तासाचा सराव धरा. वॉर्म-अप दहा मिनिटं, पायांचं काम आणि क्लोजआउट पंधरा, शेल वीस, रिबाउंड पंधरा, उरलेला वेळ असमान खेळ. आठवड्यातून तीन दिवस मिळाले तर शेल तिन्ही दिवस ठेवा, बाकीचं आलटून पालटून. एप्रिल-मेमध्ये सिमेंट संध्याकाळी सहापर्यंत तापलेलं असतं, तेव्हा सकाळी साडेसहाला भेटणं बरं. निदान क्लासचं कारण तरी कोणी देत नाही.

आठ बोलवावेत आणि सहा यावेत, हे पुण्यात गृहीत धरा. कोणी सिंहगड रोडवर अडकलेलं असतं, कोणाचं सबमिशन असतं. सहा असतील तर शेल तिघांचा करा: एक वर, दोन विंगवर. नियम तेच, फक्त दोन पासवरचा डिफेंडर एकच असल्याने त्याला जास्त पळावं लागतं. सात असतील तर सातवा कायम हल्ल्याच्या बाजूने खेळतो, चेंडू ज्यांच्याकडे ते चार, डिफेन्स तिघांचाच. पाच असतील तर तीनास दोन. चारच आले तर क्लोजआउट आणि दोनास दोन बॉक्सआउट करा, चाळीस मिनिटांत मोकळे व्हा, आणि न आलेल्यांना ग्रुपवर फोटो टाका.